सोनाराने कान टोचले

आपल्याकडे मुलाचे कान टोचतात ते सोन्याच्या तारेने. घरात चार दागिने नसले तरी त्या दोन बारीक बाळ्यांपुरते सोने कुठून तरी पैदा केले जाते. यात हौस आहे, रीत आहे. पण त्याखाली एक शहाणपणही आहे. सोने घामाने गंजत नाही, त्याला कळंक चढत नाही, आणि म्हणून ती कोवळी जखम सहसा चिघळत नाही. मात्र सोन्याची बाळी घातल्याने मुलाला अधिक चांगले ऐकू येते, असे आमच्या आजीपणजीपैकी कुणी म्हटल्याचे मला स्मरत नाही. तो शोध आमच्या काळात लागला, आणि तो लावला दुकानदारांनी.

घरात गाणे ऐकण्याची जी यंत्रे असतात त्यांना जोडणाऱ्या तारांच्या टोकांना पिना असतात. साध्या पिना पांढुरक्या, निकेलच्या मुलाम्याच्या. अलीकडे जिकडेतिकडे सोनेरी पिना दिसतात. मागे अशा एका दुकानात जाण्याचा मला योग आला. तिथल्या तरुणाने प्रथम दीडशे रुपयांची साधी तार दाखवली. मग माझ्या चेहऱ्याकडे एकवार पाहून त्याने कपाटातून एक मखमली डबी काढली. किंमत अडीच हजार. "सर, यात आवाज मोकळा येतो. गोड येतो." डबी उघडण्याची त्याची ती अदब पाहून मला वाटले, आता हा तराजू मागवणार! त्याच कपाटात आवाज प्रकाशाच्या रूपाने नेणारी एक तार होती. प्लास्टिकच्या धाग्यातून नुसता उजेड जातो, वीज नाहीच. तरी तिच्याही टोकाला सोनेरी टोपण! समई सोन्याची केली म्हणून काही वात अधिक उजळत नाही.

मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. पण धातूंचा तक्ता वाचण्यापुरते गणित मला येते. विजेला वाट देण्यात चांदी पहिली, तांबे दुसरे आणि सोने तिसरे. एकाच मापाने मोजले तर चांदीचा विजेला होणारा रोध १.५९, तांब्याचा १.६८ आणि सोन्याचा २.४४. म्हणजे ज्याला आपण डोक्यावर घेऊन नाचतो तो विद्यार्थी या विषयात तिसऱ्या नंबरावर आहे. अर्थात त्यानेही काही बिघडत नाही. मुलाम्याचा थर पुष्कळदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, आणि माणसाचा केस असतो सुमारे ७० मायक्रॉन जाड. स्वच्छ पिन खाचेत नीट बसली की त्या सांध्याचा रोध भरतो एका ओहमचे काही हजारांश. आणि पुढे ॲम्प्लिफायरच्या दाराशी १० हजारांपासून ४७ हजार ओहमपर्यंतचा पहारा बसलेला असतो. दहा कोसांच्या चालीत बोटभर वाट कमीजास्त झाली तर ते पायांना कसे कळावे? कानांनाही कळत नाही.

पण सोन्याची निंदा करायला मी बसलेलो नाही. आमच्या रत्नागिरीकडे आषाढात भिंतींना पाझर फुटतो, आणि खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या बिजागऱ्या पाहता पाहता गंजतात. अशा हवेत साध्या पिनेवर हळूहळू किटण धरते. मग एके दिवशी गाणे ऐन रंगात असताना खरखर सुरू होते, डावीकडचा कर्णा मुका होतो, आणि तार हलवली की पुन्हा बोलू लागतो. सोन्यावर हे किटण धरत नाही. गणकयंत्रांत जिथे अगदी क्षीण वीज खेळते तिथे सांध्यांना सोने चढवतात ते याचसाठी. असल्या दुबळ्या विजेला किटणाचा पापुद्रा फोडता येत नाही. मात्र समोरची खाचही सोन्याची हवी. कथलाच्या खाचेत सोन्याची पिन घातली तर दोन धातूंच्या कुरबुरीत सांधा उलट लवकर बिघडतो. आणि साधी निकेलची पिन असली तरी वर्षातून दोनदा चार वेळा काढून घालावी; घासून घासून किटण निघते. आमच्या आया समया घासत, तितकाच हा उद्योग.

आमचे एक स्नेही गाण्याचे मोठे शौकीन. त्यांनी ती अडीच हजारांची तार घेतली, आणि आवाज पार पालटला असे ते गावभर सांगू लागले. त्यांच्याच चिरंजिवांनी एका रविवारी परीक्षा मांडली. यंत्रापुढे चादर टांगली, आवाज दोन्ही वेळा सारखाच मोठा ठेवला, (कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच अधिक चांगला वाटतो,) आणि कधी ही तार, कधी ती, असे वीस वेळा ऐकवले. स्नेह्यांचे अकरा कौल बरोबर आले. नाणे उडवले असते तरी दहाच्या आसपास आलेच असते. ते क्षणभर गप्प बसले. मग मला म्हणाले, "मास्तर, तुमचा हिशेब खरा असेल. पण ती तार जोडून, दिवा मालवून मी बसतो ना, तेव्हा मालकंस मला खरोखरच अधिक ऐकू येतो."

मला हसू आले नाही. पूर्वी हे गृहस्थ गाणे लावून वर्तमानपत्र वाचत असत. अडीच हजार मोजल्यापासून ते कान देऊन ऐकतात. मालकंस अधिक ऐकू येतो हे खरेच आहे. फक्त ते सोन्याच्या खाती जमा धरू नये, एवढेच.

त्या दुकानात मला नेले होते ते एका जुन्या कॅसेटने. १९९४ च्या दिवाळीआधी आई चकलीची भाजणी जात्यावर दळत असताना मामाने गंमत म्हणून तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आई २०११ साली गेली. तिचा आवाज म्हणून आमच्याजवळ आहे तो एवढाच, आणि तोही जात्याच्या घरघरीमागे, ओल्या कांबळ्यातून यावा तसा. "मोकळा येतो, गोड येतो," असे तो तरुण म्हणाला तेव्हा खिशातल्या पैशांकडे माझा हात गेला नाही असे नाही. पण पैसे देण्यापूर्वी मी यंत्र आणि कॅसेट घेऊन आमच्या बाजारातल्या म्हाताऱ्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सोनारानेच कान टोचलेले बरे.

त्याने आवाज ऐकला आणि म्हणाला, "मास्तर, सोने मागाहून घाला. आधी याचे तोंड धुऊ या." स्पिरिटात बुडवलेला कापसाचा बोळा त्याने हेडवरून फिरवला; तो तपकिरी होऊन बाहेर आला. मग हेडशेजारचा एक बारीकसा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे, असा कान लावून फिरवत राहिला. पन्नास रुपये घेतले.

जात्याची घरघर तशीच आहे. आईचा आवाजही तसा दूरच आहे. फितीवर जे उतरलेच नाही ते कुठून येणार? पण जात्याच्या दर फेऱ्याला आता बांगड्यांची किणकिण ऐकू येते. ती फितीत पहिल्यापासून असणार. काचेच्या बांगड्या त्या. सोन्याच्या पाटल्या तिने त्याच वर्षी वैशाखात, ताईच्या लग्नासाठी मोडल्या होत्या.