शेलापागोट्यांचा मान

दहावीच्या सेंडऑफला निरोप दोन वाटांनी येतो. एक पाठ केलेला असतो. 'आदरणीय व्यासपीठ' म्हणत तो निघतो, ज्ञानाची गंगा, दीपस्तंभ, आईवडिलांनंतरचे दैवत अशी ठरलेली ठाणी घेतो आणि डोळ्यांच्या कडांशी येऊन थांबतो. दुसरा चिठ्ठ्यांमधून येतो. आठवडाभर खोक्यात साचलेल्या घड्या उलगडत वर्गातली दोन मुले एकेक फिशपाँड, म्हणजे कुणाला तरी काढलेला निनावी चिमटा, वाचू लागतात, आणि नाव उच्चारायच्या आधीच सगळ्या बाकांना कळलेले असते की हा कुणावर पडला. या दोहोंतला खरा निरोप मला दुसरा वाटतो. पहिल्या भाषणातले नाव खोडून तिथे शेजारच्या शाळेतल्या सरांचे नाव घातले, तर बाकी एक शब्दही हलवावा लागत नाही. चिठ्ठीचे तसे होत नाही. 'वर्गाचा मासळीबाजार केलाय' हे वाक्य कितीतरी शिक्षकांच्या तोंडी असते. पण ते म्हणताना चष्मा कपाळावर सरकवून डस्टर टेबलावर बरोबर दोनदा आपटणारे सर एकच असतात. ते 'बरोबर दोनदा' ज्याच्या ध्यानात राहिले, तो मुलगा वर्षानुवर्षे त्या माणसाकडे बघत होता. वही कोरी असेल, प्रमेय अडले असेल, पण नजर तिथेच होती. स्तुती न बघताही करता येते. नक्कल करायची तर आवाजाची पट्टी, चालीतली घाई, खडूने माखलेली उजवी बाही, सगळे बघावे लागते.

फिशपाँडला मराठीत शेलापागोटे म्हणतात, आणि या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. शेला खांद्यावर घालतात, पागोटे डोक्यावर बांधतात; दोन्ही मानाची वस्त्रे. टोमण्याला हे नाव पडले ते केवळ उलट बोलायच्या हौसेने, असे कुणी म्हणेल. मला त्यात आपल्या समाजाची एक जुनी समज दिसते. आपल्या लग्नात कानपिळी असते. ज्या नवरदेवाला त्या दिवशी विष्णुरूप मानले, ज्याचे पाय धुतले, त्याचाच कान भर मांडवात नवरीचा भाऊ पिळतो. त्या धिटाईबद्दल भावाला कुणी दटावत नाही; त्याला मानाचा पोशाख मिळतो. रुखवताच्या गाण्यांत विहिणी एकमेकींची उणीदुणी काढतात आणि मग एकाच पंगतीला बसतात. जिथे थोरला कोण आणि धाकटा कोण हे पक्के ठरलेले आहे, तिथे नाते जोडताना वा सोडताना एकदा तरी थोरल्याचा कान धाकट्याच्या हाती द्यायचा, अशी ही रीत आहे. शाळेत कान कायम गुरुजींच्या चिमटीत. सेंडऑफच्या दुपारी तो हात बदलतो. चिठ्ठी वाचली जाते, बाई आधी चमकतात, मग तोंडाला पदर लावून हसू लागतात. ते हसणे म्हणजे कान पिळणाऱ्याला त्यांनी दिलेला पोशाखच.

हे सगळे परीक्षेच्या आधी घडते, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. बोर्डाच्या बहुतेक विषयांत ८० गुण लेखी पेपरचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. हॉलतिकीटही शाळेतूनच घ्यायचे. शाळेबाहेर पडून, पाठ फिरवून केलेली ही थट्टा नव्हे. अजून ज्यांच्या हाताखाली आहोत, त्यांच्या डोळ्यांत बघून केलेली आहे. फिनलंडमध्येही याच काळात हे घडते. तिथे उच्च माध्यमिकच्या शेवटच्या वर्गाचा शाळेतला अखेरचा दिवस फेब्रुवारीत येतो. मुले सोंगे घेतात, ट्रकांच्या बाजूंना शिक्षकांना आणि एकमेकांना चिमटे काढणारे मजकूर रंगवतात, त्या ट्रकांतून गावभर मिरवतात आणि रस्त्याकडेच्या पोरांकडे गोळ्या-चॉकलेटे उधळतात. त्या दिवसाच्या फिनिश नावात 'बाक' हा शब्द आहे. मार्चमध्ये त्यांचीही मोठी लेखी परीक्षा असते. जर्मनीत आबिटूर ही शाळेची अंतिम परीक्षा देऊन बाहेर पडणारा वर्ग स्वतःचा विशेषांक काढतो. त्यात प्रत्येक मुलाची ओळख असते आणि शिक्षकांच्या तोंडून वर्गात निसटलेली वाक्ये असतात, जी कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलेली असतात. आपल्या पोरांनी शेलापागोटी हेलसिंकीहून किंवा हॅम्बुर्गहून आणलेली नाहीत. इतक्या दूरदूरच्या शाळांत हीच गोष्ट उगवते, याचे कारण त्या नात्यातच असले पाहिजे. एक माणूस बोलतो आणि चाळीस-साठ माणसे त्याला बघत बसतात, ही रचना जिथे आहे तिथे त्या बघण्याचा हिशेब कधीतरी द्यावासा वाटणारच.

यावर पहिला आक्षेप मर्यादेचा असतो. गुरूची चेष्टा करणे आपल्या संस्कारात बसत नाही, असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचा राग खोटा नसतो. ज्यांनी गुरुजींच्या समोर मान वर केली नाही, त्यांना हे डोळ्यांना टोचणारच. पण त्याच शाळेत ५ सप्टेंबरला स्वयंशासन दिन होतो. दहावीच्या मुली साड्या नेसून पाचवी-सहावीवर तास घ्यायला जातात आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या तोंडून आपल्या बाईंचीच वाक्ये निघू लागतात. त्या नकलेला शाळा कौतुकाने बघते. फेब्रुवारीतली सेंडऑफची नक्कल तिचीच मोठी बहीण आहे. आणि मराठीने मास्तराला जीव लावला तो कोणत्या भाषेत, हेही बघावे. पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर १९६२ साली 'व्यक्ती आणि वल्ली'त पुस्तकरूपाने आले. पुरुषोत्तमाचा 'पुर्ष्या' करणारे, स्वतःची तऱ्हा असलेले हे मास्तर आपण हसत हसत वाचत जातो, आणि शेवटी लेखकाची नजर त्यांच्या झिजलेल्या वहाणांवर जाते तेव्हा वाचणारा गप्प होतो. ज्या नजरेने लकबी टिपल्या, त्याच नजरेला वहाणांची झीज दिसली. लकबी गाळून नुसता आदर लिहिला असता, तर त्या वहाणा कुणालाच दिसल्या नसत्या. आचार्य अत्र्यांचेही तसेच. १९२५च्या 'झेंडूची फुले'त त्यांनी समकालीन कवींची विडंबने केली, आणि विडंबन करायला मूळ कविता कवीइतकीच मुखोद्गत लागते. हे अत्रे पुण्यात शाळा चालवणारे हेडमास्तर होते, हे मर्यादेची काळजी वाहणाऱ्यांनी जरूर आठवावे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि त्याला उत्तर देण्याआधी तो खरा आहे हे कबूल केले पाहिजे. चिठ्ठी निनावी असते. निनावीपणाच्या आडून मुलीच्या रंगावर, मुलाच्या जाडीवर, बोलताना अडखळणाऱ्या जिभेवर, कुणाच्या बापाच्या धंद्यावर वार होतात. दोन नावे जोडली जातात आणि त्या मुलीला पुढचे सहा महिने घरी उत्तरे द्यावी लागतात. आडनावातून जात हुंगणारी चिठ्ठीही पडते. साऱ्या वर्गाच्या हशात ती पोर हसते, कारण न हसणे त्याहून अवघड असते, आणि लोक म्हणतात, 'बघा, तिनेही मजेत घेतले.' शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्याने, कलम १७ अन्वये, बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. दहावीतली मुले त्या वयापलीकडची. पण छडी ज्या कारणाने गेली, ते कारण पंधराव्या वर्षी संपत नाही. शाळेचा माईक, शाळेचे व्यासपीठ आणि शाळेच्या टाळ्या यांनिशी दिलेली इजा ही शाळेनेच दिलेली इजा आहे.

म्हणून फिशपाँडच बंद करावेत, असे काही शाळांना वाटते. काही ठिकाणी वर्गशिक्षक सगळ्या चिठ्ठ्या आधी चाळतात, आणि उरतात त्या सिनेमाच्या गाण्यांच्या ओळी, कुणालाही चिकटवता येतील अशा. त्या कुणाला दुखवत नाहीत आणि कुणाला ओळखतही नाहीत. पाठ केलेल्या भाषणाचेच दुसरे रूप. मला वाटते, गाळण्यापेक्षा शिकवणे बरे. निबंध शिकवतो, पत्रलेखन शिकवतो, तशी चिठ्ठीही शिकवता येते. माणूस जे करतो त्यावर लिहावे. माणूस जसा जन्मला त्यावर लिहू नये. 'पाचच मिनिटे घेतो' म्हणून मधली सुट्टी गिळणारे गणिताचे सर, दर वर्षी 'तुमच्यापेक्षा मागची बॅच बरी होती' म्हणणाऱ्या बाई, डबा दुसऱ्याच तासाला संपवणारा तिसऱ्या बाकावरचा गडी, हे सगळे शेल्याला पात्र आहेत, कारण यांतले काहीही हसून सोडून देता येते किंवा हसून तसेच चालू ठेवता येते. रंग सोडता येत नाही. शिवाय जे लिहिले ते त्या माणसासमोर उभे राहून स्वतः वाचायची तयारी हवी. एवढी अट घातली, तर वाईट चिठ्ठ्या बहुधा लिहिणाऱ्याच्या खिशातच राहतील. कुणी म्हणेल, मग धार जाईल. जाऊ दे थोडी. बारकाईची धार पुरते. पंधरा वर्षांच्या मुलांना ती साधते, हे कुठल्याही वर्गातली टोपणनावे ऐकून कळेल.

यातले सगळ्यांत दुखरे ठिकाण मात्र वेगळेच आहे, आणि त्याविषयी तक्रार कधी होत नाही. खोके रिकामे होते आणि काही मुलांच्या नावाची चिठ्ठीच निघत नाही. वर्गाच्या हिरोवर आठ पडतात, हुशार मुलीवर पाच. खिडकीकडच्या शेवटून दुसऱ्या बाकावरचा, हजेरीला 'हजर' एवढेच बोलणारा, कुणाच्या भांडणात नाही की नाटकात नाही, त्याच्यावर एकही नाही. तो टाळ्या वाजवत बसतो. थट्टा ही बघितल्याची खूण असेल, तर हे पाच वर्षांत कुणी न बघितल्याचे जाहीर वाचन झाले. जर्मन मुलांच्या अंकात प्रत्येकाची ओळख असते ती मला याचसाठी मोलाची वाटते. पानावर नाव छापून आले की बाकीच्यांना त्याच्याविषयी काहीतरी आठवावेच लागते. आपल्याकडे त्याला काही खर्च नाही. सेंडऑफच्या आठ दिवस आधी चार मुलांनी हजेरीपट पुढे घेऊन बसावे, शिक्षकांची आणि शिपाईमामांचीही नावे त्यात जोडावीत आणि चिठ्ठी असलेल्या नावापुढे खूण करत जावे. जिथे खूण होणार नाही, तिथे अडावे. हा काय करतो? कुणाजवळ बसतो? कधी हसतो? कुणालाच सांगता आले नाही, तर अजून आठ दिवस हातात आहेत. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्या बाकावर जाऊन बसावे, डबा उघडावा आणि बघावे.