आश्विनातले रस्ते

धाराशिव,
आश्विन वद्य पंचमी

प्रिय मैत्रिणीस,


तुझे फोटो मिळाले. टोरोंटोतली ती लालभडक झाडं घरातल्या सगळ्यांनी हातोहात बघितली. आईनं चष्मा लावून विचारलं, "अगं, आश्विनात पळस कसा फुलला गं हिच्याकडं?" मेपल म्हणजे काय हे तिला मी सांगितलं, आता ती शेजारणींना सांगत असते.

तिकडं उन्हाळा सरला, आता तुमच्याकडं काय चाललंय, असं तू विचारलं आहेस. आपला उन्हाळा मृगातच गेला. आणि पानगळ म्हणशील, तर आपल्या कडुनिंबाला, बाभळीला आश्विनाशी काही देणंघेणं नाही. त्यांची पानं झडायची ती शिशिरात. त्यामुळं ऋतू पालटला हे इथं झाडांकडं बघून कळत नाही. रस्त्याकडं बघावं. आश्विन लागला की आपला सगळा जिल्हा घराबाहेर पडतो आणि चालायला लागतो.

त्याआधी भाद्रपदाचा शेवटचा आठवडा मात्र चिडीचूप असतो. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानी निद्रेला जाते, हे तुला आठवत असेलच. देवी सिंहासनावरून उतरते आणि पलंगावर निजते, ती घटस्थापनेपर्यंत. त्याआधी गादीचा कापूस नव्यानं पिंजला जातो, आणि त्या कामाला तुळजापुरातल्या बायका हौसेनं जमतात. नवरात्रात रात्रंदिवस जागायचं, म्हणून आधी झोप काढायची, हा विचार मला फार आवडतो. लेकीला माहेरी आणल्यावर आई म्हणते ना, "पड जरा, मग कामं आहेतच," त्यातलीच ही माया. त्याच दिवसांत घरोघरी पितरं जेवायला येतात, त्यामुळं गवार, भोपळा, कढी आणि खीर याखेरीज गावात दुसरा विषय नसतो.

आणि मग घटस्थापनेच्या आदल्या दिवशी रस्ते जागे होतात. गावोगावची पोरं तुळजापूरहून ज्योत आणायला निघतात. सोलापूर, लातूर, बीड, पार कर्नाटकातून येतात. यंदा मी संध्याकाळी मुद्दाम हमरस्त्याला जाऊन उभी राहिले. पुढं एक जण मशाल घेऊन अनवाणी पळतोय, त्याच्या मागं एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली दहा-बारा पोरं, त्यांच्या मागं तेलाचा डबा धरून बसलेला मोटारसायकलवाला, आणि सगळ्यांच्या मागं टेम्पो, त्यात दमलेली पोरं आणि देवीची गाणी. हात बदलायची वेळ आली की मागचा धावत पुढं येतो, दोघं चार पावलं जोडीनं मशाल धरून पळतात आणि पहिला हात सोडतो. थांबायचं म्हणून नाही. माझ्यासमोर हात बदलले तेव्हा वारा सुटला होता. नव्या पोरानं पळता पळताच अंग वळवून पाठ वाऱ्याकडं केली आणि ज्योत राखली. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. वाटेतल्या घरांतल्या बायका बादल्या घेऊन उभ्या असतात, पोरांच्या पायांवर पाणी ओततात. दिवसभर तापलेलं डांबर असतं ना!

अनवाणी म्हटल्यावर सांगते, आपल्या शाळेच्या वाटेवरच्या चपलांच्या दुकानात नऊ दिवस अगदी निवांत असतं. कॉलेजच्या मुली, बँकेतल्या बाई, पालेभाजीवाल्या मावशी, सगळ्याजणी अनवाणी. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या पायांकडं बघायचं आणि हसून म्हणायचं, "तुमचंही?" एवढ्यावर ओळख होते.

घरचा घट आईनंच बसवला. पत्रावळीवर शेतातली काळी माती, त्यात गहू, ज्वारी, मध्ये मातीचा घट. रोज एक माळ. पहिल्या माळेला विड्याची पानं, मग तरवड आणि कारळ्याची पिवळी फुलं, माळावर आणि बांधावर फुकट मिळणारी. देवघरात ऊन पोचत नाही, म्हणून उगवलेले कोंब पिवळेधमक होतात, आणि आम्हाला ते तसेच हवे असतात. दसऱ्याला वडिलांनी टोपीत खोवले, मी केसांत माळले.

आता शेताची हकिकत. ह्या दिवसांत आपल्याकडं माणूस माणसाला भेटला की आधी सोयाबीनचं विचारतो, मग तब्येतीचं. सोयाबीन कापून बनीम लावलेली, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड, आणि घरातल्या सगळ्यांच्या नजरा आभाळाकडं. नेमका ह्याच वेळी हस्ताचा पाऊस येतो. ज्वारीच्या पेरणीला तो हवा असतो आणि सोयाबीनच्या बनमीला नको असतो, आणि दोन्ही रानं एकाच मालकाची! मग तो सकाळी पाऊस मागतो आणि दुपारी ऊन. मळणी यंत्र आलं की गावभर धुरळा आणि अंगाला खाज. माल आडतीवर गेला की तिथं ओलावा मोजायचं यंत्र असतं. आकडा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव खाली येतो. त्या आकड्याकडं बघणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा मला बघवत नाही. २०२५च्या सप्टेंबरात परंडा, भूम आणि कळंबकडं पुरानं केलेली नासाडी तू बातम्यांत पाहिली होतीस. तेव्हापासून ढग काळे झाले की लोक बोलता बोलता गप्प होतात. म्हणून यंदा काकांची बनीम कोरडी निघाली, तेव्हा घरात पुरणपोळी झाली.

सकाळी गार आणि दुपारी भट्टी, असं सध्या चाललंय. मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मराठवाड्यातून माघार घेतो. आभाळ एकदम निरभ्र होतं, ऊन थेट अंगावर येतं, आणि जमीन ओली असल्यानं घामाच्या धारा. रात्री मात्र त्याच उघड्या आभाळाखाली जमीन भराभर निवते. त्यामुळं आमच्या घरात पहाटे पंखा बंद करावा का, यावर रोज वाद होतो. वडील पांघरूण मागतात आणि भाऊ पंखा लावतो.

दसऱ्याच्या पहाटे तुळजापुरात सीमोल्लंघन झालं. देवीची पालखी बुऱ्हाणनगरहून येते, तिकडून इथवर वाटेतल्या गावांचा पाहुणचार घेत. पहाटेच्या अंधारात संबळ वाजत असतो, वरून कुंकवाची उधळण, आणि पालखी मंदिराला प्रदक्षिणा घालते. नंतर देवी पुन्हा पलंगावर, ती पौर्णिमेपर्यंत. ही श्रमनिद्रा. देवी थकते, हे आपल्याकडं उघडपणे मानतात. मला वाटतं, बायकांना ती इतकी आपली वाटते त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आणि मग कोजागरी. ह्या रात्रीसाठी तू एकदा यायलाच हवंस. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता, त्यावरची वाहनं दुसरीकडं वळवलेली, आणि चांदण्यात नुसती माणसं. कोणी मूल खांद्यावर घेतलेलं, कोणी आजीचा हात धरलेला. मराठी, कानडी, तेलुगू, सगळं कानावर पडतं. रस्त्याच्या कडेला मंडप घालून लोक चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी देतात, आणि तरणी पोरं अनोळखी माणसांचे पाय चेपत बसतात. मी तुळजापूरच्या अलीकडं घाटापाशी थोडा वेळ चहा वाटायला उभी होते. एक आजोबा चहा घेऊन म्हणाले, "बाळ, बसायला सांगू नकोस, बसलो तर उठवणार नाही." आणि पेला परत देऊन चालू लागले. देवीच्या मानाच्या सोलापूरच्या काठ्याही ह्याच पौर्णिमेला येतात.

ह्या गर्दीतून जरा बाजूला व्हायचं म्हणून एका रविवारी नळदुर्गला गेलो होतो. बोरी नदी भरून वाहत होती, त्यामुळं नर-मादी धबधबे दोन्ही कोसळत होते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली बांधलेला तो पाणीमहाल बांधाच्या पोटात आहे. आत उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा पडतो आणि अंगावर थेंब येत नाही. भाचा ओरडून काहीतरी सांगत होता, एक शब्द ऐकू आला नाही. बाहेर आल्यावर कळलं, त्याला भूक लागली होती.

तुझ्या बाजूचे नसले, तरी दूरदेशीचे पाहुणे आमच्याकडंही आलेत. पूर्व युरोपाकडून आणि मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्यांचे थवे बाजरीवर उतरतायत. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि गोंगाट इतका की बाभळीच बोलतायत असं वाटावं. धोबी पक्षीही आला, नदीकाठी शेपटी हलवत फिरतोय. आणि जाणारेही आहेत. भूम-वाशीकडची ऊसतोडणीची माणसं आता बिऱ्हाडं बांधतायत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेरडं आणि सगळ्यात वर पोरं. आमच्या वर्गातली काही मुलं त्यात गेली की बाकं रिकामी पडतात. त्यांना मागं ठेवून घ्यावं, म्हणून आम्ही शिक्षक त्यांच्या आजी-आजोबांच्या घरी जाऊन बोलतोय. काही ठिकाणी ऐकलंय.

खायचं सांगितलं नाही तर तू रागावशील. वाळकं संपत आली. सीताफळं मात्र आता ऐन भरात आहेत. येडशीच्या डोंगराकडून टोपल्या येतात. डोळे उघडलेली, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढरट झालेली बघून घ्यायची आणि घरी धान्यात दाबून ठेवायची. दोन दिवसांत बोटाच्या दाबानं फुटतात. भूमकडचा खवा कोजागरीच्या दुधात घातला होता, अर्धं पातेलं भावानं एकट्यानं संपवलं.

आता कामाचं. तू डिसेंबरात येणार आहेस असं म्हणालीस, तर तिकीट वेळअमावस्येच्या आधीचं काढ. काकांच्या रानात कडब्याची खोप घालणार आहोत. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे सगळं होईल. येताना आईसाठी ती लाल पानं वहीत दाबून आण, तिनं दोनदा आठवण केली आहे. आणि तिकीट निघालं की लगेच कळव, सोलापूरला घ्यायला भाऊ गाडी घेऊन येईल.

तुझीच,
धाराशिवची मैत्रीण