ग्रहणातील वेडे राघू

शाळेच्या वाचनालयात, तथागतांच्या मूर्तीच्या डाव्या बाजूस एक छायाचित्र लावलेले आहे. विजेच्या तारेवर सात वेडे राघू एकमेकांना चिकटून बसले आहेत. छायाचित्र म्हणून त्यात विशेष काही नाही. याहून सरस छायाचित्रे आमच्या विद्यार्थ्यांनी काढली आहेत. तरीही स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा आम्हांला तेच आठवले. ते २६ डिसेंबर २०१९ रोजी, सूर्यग्रहण चालू असताना काढलेले आहे.

कंकणाकृती ग्रहण त्या दिवशी कासरगोड, कोइम्बतूर, दिंडिगल या पट्ट्यात होते. आपल्याकडे ते खंडग्रास. तरीही सूर्याचा अर्ध्याहून अधिक भाग झाकला जाणार होता. आदला दिवस मनुस्मृती दहन दिनाचा. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला काय केले आणि का केले, यावर आम्ही सकाळच्या कार्यक्रमात तासभर बोललो. त्याच संध्याकाळी वसतिगृहात आठवीतील एका मुलीच्या आईचा फोन आला. “सर, उद्या गिराण हाय. पोरीला भाईर काढू नका.”

त्या एका शब्दाने आम्हांला आमची आजी आठवली. ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी तिने माहेरी ऐकली होती आणि लहानपणी मोठ्यांच्या मागे फिरून दिलीही होती. ग्रहण लागले की महार-मांगांनी ती आरोळी देत गावातून फिरायचे आणि गावाने जुने कपडे, धान्य लांबून झोळीत टाकायचे. ज्यांची सावली अंगावर पडू नये म्हणून माणसे बाजूला होत, त्यांच्याच तोंडून सूर्यावरची सावली सुटण्याची आरोळी हवी असे. १९५६ नंतर आमच्या घरातून ती आरोळी गेली. भीती मात्र उंबऱ्याच्या आत राहिली. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात आम्ही शाळकरी होतो आणि आजीने दार लावून आम्हांला कोंडून ठेवले होते. त्यामुळे त्या माउलीला हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. “ताई, तिला विचारून ठरवू,” एवढेच आम्ही म्हणालो.

रात्री वंदनेनंतर नववीतील एकाने विचारले, “सर, सूर्यसुत्तातही राहू आहे ना?” आहे, संयुत्त निकायात आहे. ते दडवण्यात अर्थ नव्हता. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस छायेचे कारण सांगून ठेवले, तरी राहू काही घराघरांतून हलला नाही, हेही आम्ही त्याला सांगितले. ती मुलगी कोपऱ्यात ऐकत होती. ती म्हणाली, “मी येईन, पण कॅमेरा नको. मी वही धरीन.”

शाळेमागील पाझर तलावावर आम्ही पावणेआठलाच पोहोचलो. कॅमेरा एका माजी विद्यार्थ्याने शाळेला भेट दिलेला. तो सूर्याकडे वळवायचाच नाही, ही पहिली अट. सूर्य पाहायचा तो ग्रहणचष्म्यातून, तोही क्षणभर. पाठ सूर्याकडे आणि नजर पक्ष्यांकडे. पक्षी गप्प होतील, घरट्यांकडे परततील, असे आम्हीच मुलांना सांगून ठेवले होते. पुस्तकात वाचलेले ते वर्णन खग्रास ग्रहणाचे, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

प्रत्यक्षात भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतच राहिले. टिटव्या नेहमीसारख्याच ओरडल्या. वडाच्या ढोलीच्या तोंडाशी पिंगळा दिसताच मुले हरखली. अंधारल्यामुळे तो बाहेर आला, असे सर्वांनी ठरवूनही टाकले. वहीवाल्या मुलीने पाने उलटली : “सात पन्नासला लिहिलंय, सर. तो तेव्हाही तिथंच होता.” ऊन खात बसला होता बिचारा.

वेड्या राघूंचे मात्र वेगळे झाले. थंडीत सकाळी ते तारेवर खेटून बसतात आणि ऊन चढले की सुटे होऊन माश्या टिपू लागतात. नऊच्या आधीच ते सुटे झाले होते. साडेनऊच्या सुमारास उजेड चांदीसारखा फिका पडला, हाताला गारवा जाणवला, कडुनिंबाखाली पानांच्या फटींतून शेकडो चंद्रकोरी मातीवर पडल्या आणि एकेक राघू परत येऊन शेजाऱ्याला चिकटला. सातही पिसे फुगवून बसले. आम्ही ते टिपले आणि उत्साहाने बोलू लागलो. तेव्हा ती मुलगी म्हणाली, “सर, काल या वेळी ते काय करत होते?”

काल या वेळी आम्ही सभागृहात होतो. कोणीच पाहिले नव्हते. साधनांची छाननी करा, असे वर्गात वर्षानुवर्षे सांगणाऱ्या आम्हांला हा प्रश्न सुचला नव्हता, याची लाज वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, त्याच वेळी आम्ही पुन्हा तिथे उभे राहिलो. साडेनऊला राघू तारेवर विखुरलेले होते, शिकारीत गुंग. एका दिवसाचे ग्रहण आणि सात पक्षी. यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. वहीत तसेच लिहिले.

दोन्ही दिवसांची छायाचित्रे संगणकावर शेजारी ठेवली, तेव्हा आणखी एक गंमत कळली. दोन्हींत उजेड अगदी सारखा! शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवीत होता. उजेड घटला तसे त्याने झडप अधिक वेळ उघडी ठेवली आणि ग्रहण पुसून टाकले. खूण राहिली ती केवळ चित्रासोबत नोंदल्या गेलेल्या आकड्यांत : २७ तारखेला १/१००० सेकंद, ग्रहणात १/३२०. बाकी सर्व काही सारखे ठेवलेले. तीच दोन अंकी गोष्ट मुलीने छायाचित्राखाली चिठ्ठीवर लिहून चिकटवली.

पुढे पालक मेळाव्याला तिची आई आली. बराच वेळ भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, “ह्यात गिराण कुटं हाय?” मुलीने चिठ्ठीवरच्या आकड्यांवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. आईने आकड्यांकडे पाहिले, पुन्हा पक्ष्यांकडे पाहिले.

“किती गारठलीत गं,” ती म्हणाली.