चेंगडूचा झाकणाचा प्याला

चीनच्या नैर्ऋत्येकडील सिचुआन प्रांताची राजधानी चेंगडू. या नगराच्या मध्यभागी १९११ साली खुले झालेले एक लोकोद्यान आहे. तेथील तळ्याकाठी ‘हमिंग’, म्हणजे सारसाचा स्वर, या नावाचे जुने चहागृह आहे. बांबूच्या खुर्च्या, बुटकी मेजे आणि प्रत्येकापुढे झाकण असलेला चिनी मातीचा एक प्याला, असे तेथील नित्याचे दृश्य. या प्याल्याला ‘गायवान’ म्हणतात.

गायवानाची अंगे तीन: वर झाकण, मध्ये वाडगा, खाली बशी. झाकण म्हणजे आकाश, बशी म्हणजे पृथ्वी आणि या दोहोंमधील वाडगा म्हणजे मनुष्य, असा अर्थ लोकांनी त्यास दिला आहे. बशीच्या जन्माची आख्यायिका चेंगडूचीच आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस प्रांताधिपती त्सुइ निंग याच्या कन्येची बोटे तापल्या पेल्याने पोळत. तिने पेला तबकडीवर ठेवला. तो कलंडू लागला, तेव्हा तळाशी मेणाचे कडे बसविले. पुढे कारागिराने मेणाऐवजी रोगणाचे कडे घडविले. आपल्याकडे बशी चहा निववते. तेथे ती हाताचे रक्षण करते.

चहा करण्याची रीत साधी, परंतु लक्ष मागणारी आहे. प्रथम गरम पाण्याने वाडगा ऊन करून ते पाणी टाकून देतात. मग सुमारे ३ ग्रॅम पाने घालून, उकळी किंचित निवलेले पाणी कडेने ओततात व झाकण ठेवतात. चेंगडूत विशेष प्रिय आहे तो फुलांचा चहा. ही फुले आपल्या ओळखीचीच. तो मोगरा होय. ताज्या कळ्यांच्या सहवासात ठेवून पानांत हा गंध उतरविलेला असतो. म्हणून झाकण उचलताच जाणकार प्रथम त्याची आतली बाजू हुंगतो. नंतर झाकणाच्या कडेने तरंगती पाने दूर सारतो, ते तिरपे ठेवून बारीक फट राखतो आणि बशीसह प्याला उचलून तेथूनच घोट घेतो. दूध नाही, साखर नाही, गाळणेही नाही.

प्याला तळापर्यंत रिता करण्याची चाल नाही. तिसरा हिस्सा उरला असतानाच त्यावर पुन्हा पाणी घेतात. त्यामुळे चव एकाएकी तुटत नाही. पाणी हवे असल्यास हाक मारावी लागत नाही. झाकण उघडून बाजूस ठेवले की लांब तोटीची किटली घेऊन वाढपी येतो. थोडा वेळ उठून जायचे असेल, तर झाकणावर एखादी लहानशी वस्तू ठेवावी. प्याला कोणी उचलत नाही, जागा कोणी घेत नाही.

या राखलेल्या जागेचे मोल मोठे होते. १९०९ च्या सुमारास चेंगडूत ४५४ चहागृहे असल्याची नोंद आहे. एका प्याल्याच्या दामात गरिबालाही दिवसभर बसता येई. भांडणारे पक्ष मध्यस्थांपुढे तेथेच आपली बाजू मांडीत आणि ज्याची चूक ठरे, तो सर्वांच्या चहाचे पैसे देई. हमिंगमध्ये तर शिक्षकांचे भवितव्य ठरे. नेमणूक एका सत्रापुरतीच असल्याने वर्षातून दोनदा, सहाव्या व बाराव्या चांद्रमासात, ते नव्या नोकरीच्या शोधात येथे जमत. समोरचा चहा फिका होत जाई आणि कित्येकांच्या घरची चूल त्या बैठकीवर अवलंबून असे.

आज हमिंगमध्ये प्रवाशांची गर्दी असते. नगराबाहेर पेंगजेन गावी, गुआनयिन देवतेच्या जुन्या मंदिरातील चहागृहात मात्र कोळशाची चूल पहाट होण्याआधीच पेटते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी तेथील मातीची जमीन उंचसखल झाली आहे. छायाचित्रे टिपण्यास येणाऱ्या पाहुण्यांना चहासाठी १० युआन मोजावे लागतात. गावच्या वृद्धांकडून १ युआनच घेण्याचा प्रघात तेथे पडला. पाहुण्यांच्या पैशाने चूल पेटती राहते आणि वृद्धांची खुर्ची त्यांच्यासाठीच राहते. उजाडण्यापूर्वी ते येतात, आपापल्या जागी बसतात आणि झाकण उघडून बाजूस ठेवतात.