पाठ टेकली, तरी

रविवार, रात्र. मांड्या ठणकताहेत. चाळिशीत ब्राझिलियन जिउ-जित्सूचा वर्ग लावणं शहाणपणाचं नाही, हे घरच्यांनी सांगून झालंय.

लहानपणी भिवंडीत, यंत्रमागांच्या खटखटीत, तालमीची माती अंगाला लागली. तिथे धाक एकच : पाठ लागली की कुस्ती गेली. इथे पहिल्याच दिवशी उताणं झोपवलं आणि म्हणाले, आता खेळ सुरू! खालचा गडी पायांनी वरच्याला अडकवून धरतो. त्याला 'गार्ड' म्हणतात. हा खेळ मूळ जपानी जुदोचा. तिथला जुदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला, पुढे ग्रेसी भावांनी जमिनीवरची झटापट वाढवली. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव हे पाहून हसले असते की खाली उतरले असते?

लंगोटाऐवजी जाड सुती 'गी'. तिचीच कॉलर धरून गळा आवळतात. मी मात्र भिवंडीकर; बोटं आधी विणीवरून फिरली. तेवढ्यात विशीतल्या पोराने कोपर पिरगळलं. हरल्याची थाप मारायची, की समोरचा लगेच सोडतो. शड्डू ठोकलेल्या हाताला ही थाप लवकर सुचत नाही. कोपर अजून दुखतंय. बुधवारी पुन्हा जायचंय.