वतनदार होतो, वतन नव्हते

आम्ही नवी मुंबईत वस्तीपातळीवर काम करतो. 15 ऑगस्टला तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंत लाऊडस्पीकरवर हिंदी देशभक्तीची गाणी लागतात आणि 'वतन' हा शब्द दिवसभर कानावर येतो. तिथे वतन म्हणजे देश. उत्तर प्रदेशातला मुस्लिम कारागीर ईदला 'वतन' जातो, म्हणजे त्याच्या गावी. साताऱ्याकडचे आमचे आजोबा हाच शब्द उच्चारत, तेव्हा त्याचा अर्थ असे महारकी.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ मायभूमी, राहण्याचे ठिकाण. मराठी मुलखात तो वंशपरंपरागत हक्काला चिकटला. देशमुखाचे, पाटलाचे, कुलकर्ण्याचे वतन म्हणजे मान आणि उत्पन्न. महाराचे वतन म्हणजे सांगावे पोहोचवणे, साऱ्याची रक्कम कचेरीत नेणे, मेलेले ढोर ओढणे, रात्री-अपरात्री हाक आली की धावणे. मोबदला काय, तर हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदार मागायचे बलुते.

शब्दांचे अर्थ बदलतच असतात, असे कुणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, इथे अर्थ आपोआप बदलला नाही, तो जातीच्या उतरंडीप्रमाणे वाटला गेला. वरच्याला सत्ता मिळाली, खालच्याला वेठ. नाव मात्र दोघांनाही एकच. म्हणूनच ती वेठ हक्कासारखी वाटत राहिली.

बाबासाहेबांनी हा सापळा नेमका ओळखला. 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. 1939 मध्ये हरेगावला महार वतनदारांची परिषद घेतली. आणि 1931 मध्ये मणिभवनात गांधीजींना तोंडावर सांगितले की, आम्हाला मायभूमीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या वतनदार असलेल्या समाजाचा नेता हे सांगत होता!

1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. शेतसाऱ्याच्या काही पट रक्कम भरली तर जमीन परत मिळणार होती. ज्यांच्याकडे ती रक्कम नव्हती, त्यांचे काय झाले असेल?

आज आमची काही तरुण मुले 'आम्ही वतनदार' असे अभिमानाने सांगतात. मित्रांनो, जमिनीवर हक्क जरूर सांगा. सातबारा काढा, फेरफार तपासा. ती आपल्या पूर्वजांच्या घामाची थकबाकी आहे. पण गुलामीच्या नावाचा अभिमान नको. अभिमान बाळगायचा तर पहिल्या अर्थाचा बाळगू. हा देश आपलाही आहे, आणि तो आपल्याला संविधानाने मिळाला आहे, कुणा पाटलाच्या मेहेरबानीने नव्हे.

जय भीम!