हुंगरबुर्गचा चढ
इन्सब्रुकचा नकाशा पाहताना माझे बोट नेहमी हुंगरबुर्गच्या चढावर थांबते. १९०६ साली अभियंता योझेफ रील यांनी इन नदीच्या खोऱ्यातून त्या पठारापर्यंत फ्युनिक्युलर रेल्वे नेली. एका दोराला दोन डबे. उतरणाऱ्याचा भार चढणाऱ्याच्या कामी येतो. रील यांचीच १९०४ची श्टुबाई खोऱ्यातील रेल्वे १९८३मध्ये शहराच्या ट्रामजाळ्यात सामावली आणि टिकली. हुंगरबुर्गचा जुना मार्ग मात्र २००५मध्ये बंद पडला. २००७मध्ये झाहा हदीद यांच्या काचेच्या स्थानकांसह नवा मार्ग थेट शहराच्या मध्यातून निघाला. तो देखणा आहे, सोयीचाही आहे. तरी प्रश्न उरतो: नाव राहिले, रूळ बदलले, मग वारसा कशाला म्हणावे? दोन डब्यांचा परस्परांना तोलून धरण्याचा नियम आजही तोच आहे. माझ्या लेखी वारसा तोच.